एम्युलेटर उघडताना राउटरची आवृत्ती जुळवून घ्या

राउटर विकत घेण्याआधी त्यात गेस्ट नेटवर्क, मुलांसाठी वेळेचं बंधन वगैरे आहे का, हे कसं बघायचं असा तुमचा प्रश्न आहे. राउटर बनवणाऱ्या टीपी-लिंक कंपनीच्या साइटवर बऱ्याच मॉडेलचे एम्युलेटर, म्हणजे राउटरच्या सेटिंगच्या पानांची नक्कल, फुकट आहेत. खऱ्या राउटरला १९२.१६८.०.१ या पत्त्यावर सेटिंगचं जे पान दिसतं, तसंच ब्राउझरमध्ये उघडतं. बिनधास्त सगळं दाबून बघा, काही बिघडत नाही.

मला मात्र त्याचा खरा उपयोग वेगळ्याच कामी झाला. मी मंगळवार पेठेत, आत्या गडहिंग्लजला. तिला वायफायचा पासवर्ड बदलायचा होता. माझ्याकडे तो राउटर नाही, म्हणून टीएल-डब्ल्यूआर८४१एनचा एम्युलेटर उघडून बसलो. "आत्या, डावीकडे वायरलेस दाब, त्याखाली वायरलेस सिक्युरिटी. आता पान पार खालपर्यंत सरकव, सेव्ह तिथं आहे." ते खालचं बटण तिला आधी दिसतच नव्हतं. दहा मिनिटांत काम झालं, गडहिंग्लजची फेरी वाचली.

एक गोष्ट आवर्जून बघा. एकाच मॉडेलच्या अनेक हार्डवेअर आवृत्त्या असतात आणि त्यांची पानं वेगळी दिसू शकतात. राउटर उलटा केला की लेबलवर 'व्हर्जन' छापलेलं असतं, तोच आकडा एम्युलेटरच्या यादीत निवडा. फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, जुनं असलं तर एखादा पर्याय तुमच्याकडे नसेलही.

रेंज किंवा वेग मात्र यात कळत नाही. वायफायच्या १, ६, ११ पैकी कुठला चॅनल मोकळा आहे, म्हणजे शेजारच्यांचं वायफाय त्यावर कमी आहे, ते घरातच मोबाइलवर वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप लावून बघावं लागेल.