अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह आलंय, पुढे काय? (अनुभव धागा)

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीने थायरॉईडच्या रिपोर्टचा फोटो पाठवला. टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन; ग्रंथी मंदावली की वाढतं, जास्त चालली की घटतं) ३.४, म्हणजे मर्यादेत. त्याखाली ठळक अक्षरांत अँटी-टीपीओ ७१२, आणि बाजूला मर्यादा ३४ पर्यंत. फोटोपाठोपाठ तिचा मेसेज, "ताई, वीसपट जास्त आहे. म्हणजे आजार वीसपट मोठा का?"

मला हाशिमोटो, म्हणजे थायरॉईड हळूहळू मंदावणारा आजार आहे, कित्येक वर्षं गोळी चालू आहे. हाच प्रश्न विचारणाऱ्या बायका दवाखान्याच्या बाकावर नेहमी भेटतात. म्हणून हा धागा. रिपोर्टमध्ये काय आलं, डॉक्टर काय म्हणाले, पुढे काय घडलं ते लिहा. डोस मात्र कुणीही दुसऱ्याचं वाचून बदलू नका.

सुरुवात मीच करते. थायरॉईडमध्ये हार्मोन तयार करायला टीपीओ नावाचं एन्झाइम लागतं. शरीराची संरक्षण यंत्रणा त्याविरुद्ध अँटीबॉडी करू लागली की ती रक्तात सापडते. त्यावरून कळतं ते एवढंच, की ग्रंथीवर आतूनच हल्ला चालू आहे. ग्रंथीचं काम कितपत होतंय हे टीएसएच आणि फ्री टी-फोर (थायरॉईडचं रक्तातलं हार्मोन) सांगतात, आणि माझा डोस त्यांच्यावरच ठरतो. अँटी-टीपीओ माझं निदानाच्या वेळी एकदाच केलं, परत नाही. जपानचे हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली चार रुग्ण स्त्रियांच्या थायरॉईडच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हा आजार मांडला. तेव्हा अँटीबॉडीचा पत्ताच नव्हता. थायरॉईडविरुद्धची अँटीबॉडी (टीपीओची नव्हे, ग्रंथीतल्या दुसऱ्या प्रथिनाविरुद्धची) लंडनमध्ये १९५६ साली सापडली, आणि हाशिमोटो १९३४ मध्येच टायफॉईडने गेले होते. त्यांच्या नावाचा आजार स्वतःच्याच शरीराच्या हल्ल्यामुळे होतो हे त्यांना कधी कळलंच नाही, याची मला हळहळ वाटते.

कोल्हापूर, शिक्षिका
माझा आकडा "१३०० पेक्षा जास्त", टीएसएच ३.१. घरात सगळे घाबरले. डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली नाही. म्हणाल्या, इंग्लंडमध्ये व्हिकम इथे वीस वर्षं लोकांवर लक्ष ठेवलं होतं. ज्या बायकांच्या नुसत्या अँटीबॉडी होत्या, त्यांच्यापैकी वर्षाला साधारण २ टक्क्यांची थायरॉईड मंदावली. अँटीबॉडी आणि वाढलेलं टीएसएच दोन्ही असेल तर ४ टक्क्यांच्या वर. तेव्हा वर्षातून एकदा टीएसएच करायचं. थकवा, बद्धकोष्ठ, पाळीत फरक जाणवला तर आधी यायचं. आकडा ऐकून जेवढी भीती वाटली होती, तेवढाच या २ टक्क्यांनी धीर आला.

ठाणे, लॅबमध्ये काम करतो
काउंटरवर रोज विचारतात म्हणून लिहितो. प्रत्येक कंपनीचं किट वेगळं, त्यामुळे मर्यादाही वेगळी. कुठे ९, कुठे ३४, कुठे ६०. एका लॅबचा ४०० आणि दुसरीचा ६५० शेजारी ठेवून "वाढलं" म्हणता येत नाही. "१३०० पेक्षा जास्त" याचा अर्थ मशीन तिथवरच मोजतं. दुसरं, केस गळतात म्हणून घेतलेल्या गोळ्यांत बायोटिन नावाचं जीवनसत्त्व भरपूर असतं. काही मशीनवर त्याने टीएसएच खोटं कमी आणि टी-फोर खोटं जास्त दिसतं, थायरॉईड भडकल्यासारखा रिपोर्ट येतो. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ती गोळी बंद ठेवा, आणि घेत असाल तर सुई टोचायच्या आधी आम्हाला सांगा. बायका सांगत नाहीत, कारण त्यांच्या हिशेबी ते औषधच नसतं.

नाशिक, दीड वर्षाच्या मुलाची आई
बाळ तीन महिन्यांचं असताना छाती धडधडायची, हात कापायचे. ताटलीत वरण वाढताना पळी कडेला वाजायची. वजन भराभर उतरलं. सासूबाई म्हणायच्या, अंगावर पाजतेस, डिंकाचे लाडू वाढव. टीएसएच ०.०२ आलं. टीपीओ पॉझिटिव्ह, टीआरएबी (ग्रंथीला जास्त चालवणारी वेगळी अँटीबॉडी) निगेटिव्ह. डॉक्टरांनी समजावलं की ग्रंथी जास्त हार्मोन बनवत नाहीये, सुजल्यामुळे साठा बाहेर सांडतोय. म्हणून थायरॉईड दाबणारी गोळी नको, धडधडीपुरतं औषध पुरे. पुढच्या काही महिन्यांत सगळं उलटलं. टीएसएच २८, सदा झोप, रडू. बाळंतपणानंतरची उदासी म्हणून सोडून देता आलं असतं. टीपीओ पॉझिटिव्ह आहे हे माहीत असल्यामुळे डॉक्टरांनी आधीच तारीख देऊन परत बोलावलं होतं, म्हणून वेळेत सापडलं. आता गोळी कमी करून बघणार आहेत, कारण काहींची ग्रंथी सावरते.

सातारा, एसटीत नोकरी
पुरुषांनाही होतं. मला ग्रेव्हज आहे, थायरॉईड जास्त चालणारा. यात अँटीबॉडी वेगळी, टीआरएबी, आणि ती ग्रंथीला सतत चालू ठेवते. माझ्या बाबतीत हा आकडा कामाचा आहे, कारण दीड वर्ष कार्बिमॅझोल (थायरॉईड दाबणारी गोळी) घेतल्यावर गोळी थांबवायची का हे ठरवताना तो परत बघतात. अजून जास्त असेल तर आजार उलटण्याची शक्यता मोठी. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. ताप आणि घसा दुखणं एकत्र आलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी तपासायच्या, कारण क्वचित हे औषध त्या पार घटवतं. आणि सिगारेट सुटलीच पाहिजे, नाहीतर डोळे बिघडतात. सोडली. टीआरएबीचा रिपोर्ट येत्या आठवड्यात आहे.

मडगाव
सेलेनियम घेतलं, गहू बंद केला. अँटीबॉडी ९०० वरून ४०० वर आली, लेव्होथायरॉक्सिनचा (थायरॉईड मंद असल्यावर घ्यायच्या गोळीचा) डोस तोच, थकवाही तोच. गहू सोडण्याआधी सीलिॲकची (गव्हामुळे आतड्याला होणाऱ्या आजाराची) तपासणी करून घ्यायला हवी, गहू बंद केल्यावर ती फसवी निगेटिव्ह येऊ शकते. माझी आधीच झाली होती, निगेटिव्ह आली. आता पोळी सुरू आहे.

पुणे
दोन गर्भपात, टीपीओ पॉझिटिव्ह, टीएसएच १.८. ओळखीतल्या सगळ्यांनी सांगितलं, गोळी घेऊन टाक. डॉक्टरांनी २०१९ ची ब्रिटनमधली चाचणी समजावली. अशाच बायकांना, टीएसएच नॉर्मल असताना, ५० मायक्रोग्रॅम देऊन पाहिलं. जिवंत बाळ होण्याचं प्रमाण गोळी आणि साखरेची गोळी, दोन्हींत ३७ टक्क्यांच्या आसपासच राहिलं. मी गोळीशिवाय राहिले. दिवस राहिल्यावर मात्र दर चार आठवड्यांनी टीएसएच, आणि ते ४.६ झालं तेव्हा लगेच गोळी सुरू केली. मुलगी आता बालवाडीत आहे. माझ्या दोन्ही गर्भपातांचं खापर त्या आकड्यावर फोडायचं नाही, हे मला कुणीतरी ठामपणे सांगण्याची फार गरज होती. इथे कुणाला असेल तर तिच्यासाठी लिहिलं.

नागपूर, वय ६४
अनशापोटी गोळी, मग तासभर चहा नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनी. एवढं पाळल्यावर माझं टीएसएच ताळ्यावर आलं, डोस वाढवावा लागला नाही. डोस बदलला तरी सहा-आठ आठवड्यांआधी रक्त तपासू नये, आकडा स्थिरावलेला नसतो.

मी परत: पुण्याच्या ताई, मनापासून आभार. बहिणीला तुमचं आणि कोल्हापूरचं दोन्ही वाचून दाखवलं, तिने पुढच्या वर्षीच्या तपासणीची तारीख कॅलेंडरवर लिहिली. सातारा, टीआरएबीचा रिपोर्ट आला की इथे जरूर कळवा. आणि मुलांना टाइप वन मधुमेह (तोही शरीराच्या स्वतःवरच्या हल्ल्यानेच होतो) असलेले पालक असाल तर लिहा, त्या मुलांची थायरॉईड तपासणी किती वेळा होते ते दोघीतिघींनी मला विचारलंय.