‘चांगलीच टक्कर दिली’ हे इंग्रजीत कसे लिहावे?

प्रश्नकर्ता:
एका अहवालाचा इंग्रजी अनुवाद करताना ‘नव्या कंपनीने आम्हाला चांगलीच टक्कर दिली’ या वाक्यापाशी अडलो आहे. मी ‘द न्यू कंपनी गेव्ह अस अ गुड कॉम्पिटिशन’ असे लिहिले होते. तपासणाऱ्या बाईंनी ‘अ’ खोडला, ‘गुड’खाली लाल रेघ ओढली आणि समासात ‘मराठीचा वास येतो’ एवढाच शेरा मारला. ‘अ’ का जावा? शिवाय ‘दोन वर्षांपासून आम्ही स्पर्धेला तोंड देत आहोत’ यासाठी ‘वुई आर फेसिंग कॉम्पिटिशन सिन्स टू इयर्स’ चालेल का?

पहिला प्रतिसाद:
‘अ’ गेला ते योग्यच झाले. ‘अ कॉम्पिटिशन’ म्हटले की इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांपुढे नियम, परीक्षक आणि बक्षीस असलेली स्पर्धा उभी राहते. बाजारातली चढाओढ तिथे न मोजता येणारे नाम आहे, त्यामुळे तिला ‘अ’ लागत नाही. ‘द कॉम्पिटिशन’ म्हणावे तर अर्थ पुन्हा पालटतो आणि सगळे प्रतिस्पर्धी मिळून एक असे होते. ‘गुड’च्या जागी ‘स्टिफ’, ‘टफ’ किंवा ‘फिअर्स’ घ्यावे. ‘हार्ड’ व्याकरणात बसते, पण कानाला खटकते. अहवालाच्या भाषेत मी ‘वुई फेस्ड स्टिफ कॉम्पिटिशन फ्रॉम द न्यू कंपनी’ असे लिहीन. ‘गेव्ह अस स्टिफ कॉम्पिटिशन’ हेही चुकीचे नाही, तेव्हा ‘गेव्ह’वर राग काढण्याचे कारण नाही.

दुसरा प्रतिसाद:
खरी ठेच शब्दयोगी अव्ययांपाशी लागते. आपण कंपनीशी स्पर्धा करतो तिथे ‘विथ’ किंवा ‘अगेन्स्ट’, ग्राहकांसाठी करतो तिथे ‘फॉर’ आणि किमतीच्या बाबतीत करतो तिथे ‘ऑन प्राइस’. मी वर्षानुवर्षे ‘कंपीट द रायव्हल्स’ असे लिहीत होतो, कारण ‘हरवणे’ला कर्म चालते तसे ‘कंपीट’लाही चालेल असे मनात पक्के बसले होते.

तिसरा प्रतिसाद:
इंग्रजी सुधारण्याआधी आपली मराठी पाहावी. ‘स्पर्धा दिली’ असे हल्ली सर्रास छापले जाते. स्पर्धा करतात, स्पर्धेत उतरतात, ती देतात कधीपासून? ‘गळेकापू स्पर्धा’ हेही सरळसरळ इंग्रजीवरून उचललेले आहे. आपल्याकडे ‘जीवघेणी’ आहे, ‘तोडीस तोड’ आहे, ‘वरचढ’ आहे.

दुसरा प्रतिसादकर्ता पुन्हा:
उसनवारीला माझी हरकत नाही. ‘गळेकापू’ ऐकताच चित्र दिसते आणि व्यापाऱ्यांच्या तोंडी तो रुळला आहे. रुळलेला शब्द परका ठरवून कोणाचे भले होत नाही. राहिले ‘वरचढ’, तर एखादी कंपनी वरचढ ठरली म्हणजे तिने बाजी मारली, आणि इंग्रजीत ‘हॅज ॲन एज ओव्हर’ म्हणतात तेव्हा थोडी आघाडीच अभिप्रेत असते. दोन्ही सारखे नाहीत.

चौथा प्रतिसाद:
किंचित आडवाट. ‘रायव्हल’ ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा मूळ अर्थ एकाच ओढ्याचे पाणी वापरणारा असा आहे. ‘कॉम्पिटिशन’च्या मुळाशी ‘सोबत’ आणि ‘मिळवू पाहणे’ असे दोन अंश आहेत. म्हणजे प्रतिस्पर्धी हा मुळात शेजारीच होता. आपल्या ‘चढाओढी’त मात्र एक चढतो आणि दुसरा त्याला खाली ओढतो, असे मला लहानपणापासून वाटत आले आहे, व्युत्पत्ती म्हणून ते टिकणार नाही, याची कल्पना आहे.

तिसरा प्रतिसादकर्ता पुन्हा:
‘वरचढ’ म्हणजे सरस. त्यात बाजी मारणे आलेच पाहिजे असे नाही. निकाल लागण्याआधीही माणूस वरचढ असू शकतो.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार, पण माझे ‘सिन्स’ तसेच राहिले आणि अहवाल उद्या द्यायचा आहे.

दुसरा प्रतिसादकर्ता:
‘वुई हॅव बीन फेसिंग कॉम्पिटिशन फॉर टू इयर्स’. ‘सिन्स’नंतर सुरुवातीचा क्षण येतो, कालावधी नव्हे, मराठीतला ‘पासून’ दोन्ही ओझी वाहतो, म्हणून आपण फसतो. ‘वरचढ’बद्दल मात्र माझे मत बदललेले नाही.