दोन सर्व्हरला एकच स्टोरेज जोडावं का? फाइल सिस्टिम कोणती घ्यावी?

सावदेकर:
राम राम मंडळी. सावद्याला आमचं केळीच्या खरेदीचं काम आहे. कटाई जोरात असली की रात्री बारापर्यंत गाड्या भरतात आणि प्रत्येक गाडीचं वजन, भाव, शेतकऱ्याचं नाव पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पडतं. मागच्या मे महिन्यात भरदुपारी लाइट गेली. यूपीएसच्या बॅटऱ्या उन्हानं आधीच बसलेल्या. सर्व्हर परत उठला, पण एक इंडेक्स (नोंदी शोधायची सूची) खराब आणि शेवटच्या ११ गाड्यांच्या नोंदी गायब. शेतकऱ्यांकडून काटापट्ट्या परत मागून आणल्या आणि दोन दिवस बसून एकेक नोंद भरली. एका म्हाताऱ्या बाबांची पट्टी सापडेना, तेव्हा तर घास उतरेना.

आता दोन सर्व्हरचा क्लस्टर (एक बसला तर दुसरा काम उचलेल अशी जोडी) करतोय. विक्रेता म्हणतो, एकच आयस्कझी स्टोरेज (नेटवर्कवरून जोडायची डिस्कची पेटी) घ्या, रेड ५ (अनेक डिस्क एकत्र बांधायची एक पद्धत) करा, ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम टाकून दोन्ही सर्व्हरला माउंट करा, म्हणजे जोडा. डेटा ३०० जीबी आहे. कुणी एक्सएफएस सांगतं, कुणी झेडएफएस. काय करू?

तापीकाठ, भुसावळ:
थांबा भो, पैसे देऊ नका अजून! ईएक्सटी४ काय, एक्सएफएस काय, एका वेळी एकाच मशीननं माउंट करायची. कोणते ब्लॉक मोकळे आहेत हे प्रत्येक सर्व्हर आपापल्या मेमरीत धरून बसतो. दोघं एकाच जागी लिहितील आणि अख्खी फाइल सिस्टिम जाईल. दोघांनी एकदम वापरायला जीएफएस२, ओसीएफएस२ अशा वेगळ्या फाइल सिस्टिम आहेत, पण पोस्टग्रेस एकाच डेटा डिरेक्टरीवर दोन ठिकाणी चालतच नाही. मग उपयोग काय? शिवाय ते स्टोरेज बसलं की दोन्ही सर्व्हर बसले.

प्रत्येक सर्व्हरला स्वतःच्या डिस्क द्या आणि स्ट्रीमिंग रेप्लिकेशन (एकावरचा प्रत्येक बदल लगोलग दुसऱ्याकडे पाठवणं) लावा. आपोआप फेलओव्हर, म्हणजे एक बसला की दुसऱ्यानं काम घेणं, हवं असेल तर पॅट्रोनी (ते घडवून आणणारा प्रोग्राम) आणि ईटीसीडी (मुख्य कोण याची नोंद ठेवणारा). त्यात तिसरं लहानसं मशीन फक्त मत द्यायला ठेवा. दोनच असले आणि मधली केबल तुटली, तर कोण जिवंत हे ठरवता येत नाही.

धुळ्याचा डीबीए:
फाइल सिस्टिमवर डोकं शिणवू नका, एक्सएफएस घ्या किंवा ईएक्सटी४, दोन्ही भरवशाच्या. एक्सएफएस नंतर लहान करणं जवळपास अशक्य, ईएक्सटी४ अनमाउंट करून होते, एवढं ध्यानात ठेवा. झेडएफएस उत्तम आहे, पण तिचा रेकॉर्ड (एका वेळी लिहायचा तुकडा) मुळात १२८ केबीचा आणि पोस्टग्रेसचं पान ८ केबीचं. ते जुळवायला शिकावं लागतं.

रेड ५ नको, रेड १० (जोडीतल्या दोन्ही डिस्कवर तीच प्रत) करा. रेड ५ मध्ये एका छोट्या लेखनासाठी दोनदा वाचावं आणि दोनदा लिहावं लागतं. एसएसडी घ्याल ती वीज गेल्यावर कॅशमधलं उतरवून घेणाऱ्या कपॅसिटरचीच घ्या. नवा क्लस्टर मांडताना डेटा चेकसम (पान बिघडलं तर कळवणारी पडताळणी) चालू ठेवा.

पण भाऊ, तुमच्या ११ गाड्या फाइल सिस्टिमनं खाल्लेल्या वाटत नाहीत. जुन्या सर्व्हरवर पीजी_टेस्ट_एफसिंक (एफसिंक, म्हणजे डिस्कवर पक्कं लिहिणं, सेकंदाला किती वेळा होतं ते मोजणारं पोस्टग्रेसचं साधन) चालवा, फाइल डेटाच्याच डिस्कवर ठेवून. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेरे मारते, म्हणजे एफसिंकचा आकडा शंभर-सव्वाशेच्या आसपास यायला हवा. हजारांत आला तर कुणीतरी न लिहिताच 'लिहिलं' म्हणतंय.

सावदेकर:
आत्ताच चालवलं. डिस्क ७२०० आरपीएमच्या, आकडा चार हजारांच्या वर! रेड कार्ड उघडून पाहिलं तर त्याची बॅटरी फुगलेली, आणि सेटिंगमध्ये बॅटरी नसली तरी राइट-बॅक (कार्डाच्या मेमरीत आलं की 'लिहिलं' म्हणायचं) चालू ठेवलेलं. बसवून देणाऱ्यानं कधी सांगितलं नाही, मीही कधी विचारलं नाही.

राइट-थ्रू (डिस्कवर पोहोचल्यावरच 'लिहिलं' म्हणायचं) केलं. आता आकडा ११२ येतोय. नोंद सेव्ह व्हायला क्षणभर थांबावं लागतं, पण काट्यावरच्या पोरांना मी समजावून सांगितलं. स्टोरेजची ऑर्डर थांबवली आहे. तापीकाठभाऊ, दुसरा सर्व्हर जळगावच्या ऑफिसात ठेवला तर चालेल ना? इथल्या खोलीत मे महिन्यात दोन्ही एकदमच तापतील.

तापीकाठ, भुसावळ:
चालेल. फक्त तेवढ्या अंतरावर सिंक्रोनस (दुसऱ्यानं लिहिल्याचं कळवेपर्यंत थांबायचं) ठेवलं आणि लाइन गेली, तर कमिट, म्हणजे नोंद पक्की होणं, अडकून बसेल आणि काटा थांबेल. तिथे असिंक्रोनस (न थांबता पाठवायचं) ठेवा. सिंक्रोनसवाला हवा असेल तर तो सावद्यातच, पण वेगळ्या खोलीत, वेगळ्या यूपीएसवर.