वर्गणीतून गव्हाची पोती द्यायची का?

रामबागकर (सध्या टोरंटो):
मंडळी, नमस्कार. यंदाच्या वर्गणीतून इंदुरातल्या गरजू वस्त्यांत गव्हाची पोती वाटावीत असा विचार आहे. टिकतात, हिशेबही सोपा. कोणाची हरकत?

सुदामानगरहून:
माझी आहे, आणि इंदुरातच राहते म्हणून जरा लांबण लावते.

गहू-तांदूळ कंट्रोलच्या (रेशनच्या) दुकानात मिळतो. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिन्याला ५ किलो, आणि जानेवारी २०२३पासून तोही फुकट. त्या कायद्यात डाळ नाही, तेल नाही, भाजीचा तर प्रश्नच नाही. आपण पुन्हा गहूच दिला तर तो चक्कीवाल्याला विकून लोक तेल आणतील, आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही.

आपल्या माळव्याचंही हेच झालंय: पिकलेलं विकायचं आणि खाणं विकत आणायचं. पूर्वी काळ्या रानाचा बराच भाग पावसाळ्यात पडीक ठेवायचे; सत्तरच्या दशकापासून तिथे सोयाबीन आलं. इथवर ठीक. पण त्याच्या मागोमाग ज्वारीही हटली. ज्वारीची भाकरी घरात, कडबा गोठ्यात. सोयाबीन मात्र थेट मंडीत, तिथून तेलाच्या प्लांटला, आणि पेंड कोंबड्यांना. हातात पैसा आला, खोटं कशाला बोलू? पण पिकवणाराच किराण्याच्या दुकानात उभा राहिला. भाव चढले की आधी डाळ पातळ होते.

त्याहून अवघड झाबुआ-अलीराजपूरहून बांधकामावर येणाऱ्यांचं. नियमानं त्यांना आपला रेशनचा वाटा इथल्या दुकानातून उचलता येतो. थोडा इथे, उरलेला गावी म्हाताऱ्यांनी, असंही चालतं. प्रत्यक्षात सिमेंटनं झिजलेला अंगठा मशीनवर उमटत नाही, समग्र आयडीत (राज्य सरकारच्या कुटुंब-नोंदणीत) पोराचं नावच नसतं, आणि उत्तर ठरलेलं: ‘अगले महीने आना.’ तिथे पोतं कामाचं नाही. कागद घेऊन सोबत उभं राहणारं कोणी हवं.

राजेंद्रनगरहून:
ताई, पटलं. पण भाजीचं आपण करू शकतो. हॉवर्डसाहेबानं, म्हणजे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्डनं, १९२४ ते १९३१ इथेच राहून खताची ‘इंदूर पद्धत’ बसवली. पालापाचोळा, शेण, माती, राख यांचे थर लावायचे, अधूनमधून पालटायचे, तीनेक महिन्यांत खत तयार. जगभर गेली ती, आणि आपल्या गच्च्या रिकाम्या!

सुदामानगरहून:
दादा, गच्ची असणाऱ्याला मेथी विकत घेणं जड नसतं. अंगणवाडीच्या आवारात वाफे करणार असाल तर मी पहिली येते.

रामबागकर:
बरं, गहू रद्द. मग तूरडाळ घ्यावी?

सुदामानगरहून:
मूगडाळ घ्या. साइटवर तीन विटांच्या चुलीवर शिजवतात, कुकर नसतो. तुरीला लाकडं फार जातात. सोबत तेलाची एक-एक लिटरची पाकिटं. डबे नकोत, खोली बदलताना नेता येत नाहीत. अंगठ्याच्या कामासाठी दोन मुलं मी बघते, त्यांचं येण्याजाण्याचं भाडं तेवढं वर्गणीतून द्या.

रामबागकर:
देऊ. डाळीचा भाव छावणीच्या धान्यबाजारातून काढून कळवा.