नाकाच्या ऑपरेशनआधी

कुणाच्या तरी भाचीला स्वतःचं नाक बेढब वाटतं, तर एकदाचं ऑपरेशन उरका, असा सल्ला तिच्या घरच्यांना मिळालाय. थांबा जरा! बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर (दिसण्यातला नसलेला किंवा किरकोळ दोष सतत मनाला छळतो, असा मानसिक आजार) असेल तर ऑपरेशनने समाधान क्वचितच होतं. नाक सुटतं, हनुवटी मागे लागते. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकन सूचीत, हा आजार ओसीडीच्या (तेच विचार, त्याच कृती पुन्हा पुन्हा) गटात घातलाय, तो उगाच नाही. मोबाइलच्या काळ्या स्क्रीनमध्येसुद्धा नाक न्याहाळणं, 'आई, खरंच वाकडं दिसतं का गं?' हे परत परत विचारणं, सगळं त्यातलंच. 'छान दिसतेस' म्हटलं की तासाभरात पुन्हा तोच प्रश्न. सीबीटीत, म्हणजे विचार आणि वागणं बदलायच्या मानसोपचारात, हे तपासणं-विचारणं हळूहळू कमी करायला शिकवतात. सोबत एसएसआरआय गोळ्या, ज्या नैराश्यातही देतात. डोस बऱ्याचदा नैराश्यापेक्षा जास्त लागतो, फरक पडायला १२ आठवडेही जातात. महिन्याभरात 'गुण नाही' म्हणून परस्पर बंद करू नका. मरणाची भाषा करत असेल तर मात्र आजच मानसोपचारतज्ज्ञ गाठा.