जाड सुती कॅनव्हास: काय शिवावं, काय टाळावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरी पाच मीटर कोरा सुती कॅनव्हास आलाय. पन्हा ६० इंची, वजन ४०० जीएसएम (चौरस मीटरला ४०० ग्रॅम), म्हणजे जाड जीन्सच्या तोडीचा. वीण इतकी घट्ट आहे की कापड उगाच कशात तरी घालवायला जीव होत नाही. कडकपणाच कामाला येईल अशा वस्तू शिवायच्या आहेत.

कुर्ता, पडदे आणि अभ्रे मी बादच केले. चुण्या घातल्या की हे कापड फुगून उभं राहतं आणि अंगाला, गालाला टोचतं. मनात आहेत त्या वस्तू अशा: बाजाराच्या पिशव्या, घडीच्या खुर्चीची बैठक आणि सासऱ्यांच्या बाजाच्या पेटीची (हार्मोनियमची) खोळ. ते दर गुरुवारी भजनाला पेटी घेऊन जातात, त्यामुळे खोळीचा आग्रह जास्त.

अडतंय ते पिशवीच्या बंदापाशी. तोंडाची दुमड तीन पदरी, कापडाचाच बंद केला तर तो चौपदरी, म्हणजे सुईखाली एकदम सात पदर! माझं मशीन साधं घरगुती, मोटरचं. १८ नंबरची सुई, पॉलिस्टरचा दोरा आणि साडेतीन मिमीचा टाका घेतला तरी ते ओढेल असं वाटत नाही. म्हणून बंदांना सुती नवार (विणलेली जाड पट्टी) लावायचा विचार आहे. कोणी लावली आहे का? धुतल्यावर नवार आणि कापड कमी-जास्त आटून जोडाशी चुण्या येतात का?

दुसरं, कापण्याआधी धुण्याचं. कोऱ्या कॅनव्हासला खळ असते. धुतला की आटतो आणि मऊ पडतो. पिशव्या सारख्या धुवाव्या लागणार, तेव्हा ते कापड आधी धुऊनच कापेन. पण पेटीच्या खोळीला तो ताठपणा हवाच आहे. मग ती न धुता, थोडी सैल शिवावी का? की धुऊन, आतून मऊ अस्तर लावून ताठपणासाठी दुसरं काही घालावं? पेटीच्या पॉलिशला ओरखडे येता कामा नयेत.

खुर्चीला ताण येतो त्या दिशेने उभा धागा ठेवणार आहे. दांडीच्या नेफ्याला दोन टिपा पुरतील की तीन घालू? त्यावर माणूस बसणार, म्हणून अनुभवी लोकांनी जरूर सांगा. मशीनने अगदीच मान टाकली तर एवढी बैठक बॅगा दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून शिवून घेईन, बाकीचं घरीच करायचं आहे.