पावसाळ्यात प्रस्तरारोहणाचे साहित्य कोठे ठेवावे आणि बाद केव्हा करावे?

कातळवाट

नमस्कार मंडळी. ठाण्यातील आमच्या छोट्या गटाचे सामायिक साहित्य एका सदस्याच्या इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत असते. जून ते सप्टेंबर सुळक्यांवरील चढाई बंद असल्यामुळे दोर, हार्नेस (कमरेला व मांड्यांना बांधायचे पट्टे), स्लिंग (शिवलेल्या पट्टीचे फास), कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कड्या) आणि हेल्मेट तेथेच पडून राहतात, आणि खोलीला ओल इतकी असते की गेल्या पावसाळ्यात हार्नेसच्या पट्ट्यांवर बुरशी आली होती. त्याच खोलीत इमारतीच्या इन्व्हर्टरची बॅटरीही आहे. शिवाय कपाटात एक डायनॅमिक, म्हणजे ताणला जाऊन पडणाऱ्याचा झटका सोसणारा, दोर आहे, ज्याच्या पट्टीवर २०१३ हे उत्पादनवर्ष छापलेले आहे. तो एकदाही वापरलेला नसल्यामुळे काहीजण त्याला नवाच म्हणतात, तर काहीजणांना त्याला हात लावायचीही भीती वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सह्यकडा

बाकी सर्व नंतर, आधी साहित्य त्या बॅटरीपासून हलवा. तिच्यात सल्फ्युरिक आम्ल असते, आणि नायलॉन आम्लापुढे टिकत नाही. चार्जिंग चालू असताना आम्लाचे सूक्ष्म तुषार बाहेर येऊ शकतात, पाणी भरताना थेंब सांडतात, आणि फरशीवर वाळलेला डाग कोणाच्या लक्षातही येत नाही. अडचण अशी की आम्ल लागलेला दोर दिसायला आणि हाताला पूर्वीसारखाच लागू शकतो. म्हणून संपर्क आल्याची नुसती शंका असली तरी तो तपासत बसू नये, बादच करावा. फरशी धुण्याचे ॲसिड, ब्लीचिंग पावडर आणि रंगकामाचे थिनर यांच्याशेजारीही साहित्य ठेवू नये.

ओलीचे म्हणाल तर बुरशी नायलॉनला सहसा थेट कमजोर करत नाही, परंतु ओला दोर पडणाऱ्याचा झटका सोसण्यात कोरड्या दोरापेक्षा बराच उणा पडतो आणि धातूच्या वस्तू ओलीने खराब होतात. हंगाम संपताच दोर आणि हार्नेस साध्या, फार तर ३० अंशांपर्यंतच्या कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावेत, भरपूर पाण्यात खळबळावेत आणि पंख्याखाली सावलीत सैल पसरून पूर्ण वाळू द्यावेत. गच्चीवरच्या उन्हात वाळत घालण्याचा मोह टाळावा, कारण अतिनील किरणांनी नायलॉन हळूहळू कमजोर होते. त्यानंतर सुती पिशवीत सैल भरून, भिंतीला न टेकणाऱ्या कपाटाच्या वरच्या खणात ठेवावे. प्लास्टिकच्या पिशवीत आतली ओल आतच राहते. आणि उंदरांना विसरू नका. सह्याद्रीतल्या खडकापेक्षा त्यांनी जास्त दोर कापले असावेत, असा मला दाट संशय आहे!

बिलेवाला

धातूच्या वस्तूंचे थोडक्यात सांगतो. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमच्या कॅराबिनरवर पांढरी भुकटी धरते; गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, बिजागरीत थेंबभर वंगण घालावे आणि जादा वंगण पुसून टाकावे, कारण त्यावर धूळ बसते. गेट (कॅराबिनरची उघडणारी दांडी) सोडल्यावर आपोआप पूर्ण मिटत नसेल आणि धुऊनही सुधारत नसेल, चीर दिसत असेल किंवा दोराच्या घर्षणाने सुमारे एक मिलिमीटर खोल खाच पडली असेल, तर ते कॅराबिनर बाद करावे. खाचेची कड धारदार झाली की ती पुढच्या दोराचे आवरण सोलते. हेल्मेटला एक जबर मार बसला की त्याचे काम झाले, बाहेरून तडा दिसो वा न दिसो.

माथाडी

२०१३ च्या दोराविषयी. पेट्झलसारखी आरोहणाचे साहित्य बनवणारी कंपनी कापडी आणि प्लास्टिकच्या वस्तूंना उत्पादनाच्या तारखेपासून जास्तीत जास्त १० वर्षे देते, मग त्या वापरलेल्या असोत वा नसोत. धातूच्या वस्तूंना अशी मुदत नसते. मुदत उलटली म्हणून दोर दुसऱ्याच दिवशी तुटतो असे नाही, हे मान्य. पण तुमचा दोर मुदतीबाहेरचा तर आहेच, शिवाय बॅटरीच्या खोलीत राहिलेला आहे, तेव्हा त्याची बाजू घेण्यासारखे काही उरत नाही.

मुदतीच्या आत असलेल्या साहित्याचा निर्णय मात्र नजरेने आणि हाताने घ्यावा लागतो. दोर वीतभर-वीतभर बोटांतून सरकवत न्यावा आणि जागोजागी त्याचे बाक काढून पाहावे: निरोगी दोराचा बाक गोलसर राहतो, आतला गाभा दुखावलेला असेल तर तो तेथे चपटा मोडतो. आवरण फाटून गाभा दिसणे, एखादी जागा पोकळ वा फुगीर लागणे, वितळून काचेसारखी चकाकी येणे, यांपैकी काहीही आढळले किंवा मोठे पतन झेलले गेले असेल, तर दोर बाद. बेसाल्टच्या खरबरीत कडांवर रॅपलिंगचे (दोराच्या आधाराने खाली उतरण्याचे) दोर झपाट्याने झिजतात, त्यामुळे लिंगाणा किंवा तैलबैल्याचा कार्यक्रम झाला की ही तपासणी व्हायलाच हवी.

हार्नेसमध्ये बिले लूपकडे, म्हणजे समोरच्या ज्या कापडी कडीत दोराचे उपकरण अडकवतात तिच्याकडे, विशेष पाहावे. अमेरिकेतील नामवंत आरोहक टॉड स्किनर २००६ साली योसेमिटीतील लीनिंग टॉवर या कड्यावरून उतरत असताना कोसळून गेले, ते त्यांच्या झिजलेल्या हार्नेसचा हाच लूप तुटल्यामुळे. झीज त्यांना दिसली होती आणि नवे हार्नेस त्यांनी मागवलेही होते.

कातळवाट

सर्वांचे आभार. साहित्य उद्याच हलवतो. बॅटरीशेजारी राहिलेल्या बाकीच्या दोरांचे आणि हार्नेसचे काय करावे?

सह्यकडा

बंद खोलीत, त्याच फरशीवर ते असतील, तर तेही बादच समजावेत. खर्च मोठा आहे, हे मी जाणतो. पण त्या खोलीत ते किती काळ आणि कोणत्या बाजूला होते, हे आता कोणालाच खात्रीने सांगता येणार नाही. यापुढे प्रत्येक दोराला क्रमांक देऊन त्याची खरेदी, वापर आणि पतने एका वहीत लिहीत जा. क्रमांक दोरावरच मार्करने लिहू नका, काही शाईंनी आवरण कमजोर होते. टोकाला चिकटपट्टी लावून तीवर लिहा. आणि बाद केलेले दोर झोक्यासाठी वा विहिरीसाठी कोणाला देण्याऐवजी तुमच्याच हाताने मीटर-मीटरचे तुकडे करा, हार्नेसचे लूप कापा, म्हणजे पुढच्या वर्षी एखादा नवा सदस्य ते पिशवीत भरून सुळक्यावर घेऊन जाणार नाही.